सोन्याचा पातळ थर

सोमवार, ६ जानेवारी

आले एकदाची. लातूरहून निघालेली ट्रॅव्हल्स पहाटे नाशिकफाट्याला पोचली तेव्हा विजयश्रीताई कानटोपी घालून स्कूटीवर माझी वाट बघत बसली होती. मोठी बॅग तिच्या पायाशी, छोटी माझ्या पाठीवर आणि दोघींच्या मध्ये आईनं दिलेली भुईमुगाच्या शेंगांची पिशवी, असं आमचं वऱ्हाड चिखलीला आलं.

ताईचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. गॅलरीतून भंगारची गोदामं दिसतात आणि खालच्या वर्कशॉपात सकाळी सकाळीच ग्राइंडर सुरू होतो. ताई म्हणाली, आवाजाचा त्रास होईल तुला. मला उलट बरं वाटलं. गेले कित्येक महिने मी औशाला घरात बसून भिंतीवरच्या पालीशिवाय काही ऐकलं नव्हतं. हिंजवडीची कंपनी बंद पडल्यापासून 'काय करतेस सध्या' या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आता आहे.

ताई म्हणजे पॉलिटेक्निकमधली माझी दोन वर्षं पुढची सीनियर. हॉस्टेलला मला कावीळ झाली होती तेव्हा तिनं स्वतःची परीक्षा असताना मला मोसंबीचा रस पाजला होता. ती इथे चाकणच्या एका कंपनीत लॅब सांभाळते. दिवाळीनंतर तिचा फोन आला. आमच्या मायक्रोस्कोपचा कंप्युटर मरायला टेकलाय, तो बदलायला माणूस हवाय, तू ये. दुसऱ्या कोणाला घेणार नाही, असं साहेबांना सांगून टाकलंय म्हणाली.

रात्री पिठलं-भाकरी. ती फुललेली भाकरी गॅसच्या जाळावरून नुसत्या हातानं उचलते, तीही सावकाश. मी म्हटलं, अगं चिमटा घे. म्हणाली, सवय झालीय.

रोज चार ओळी लिहायच्या असं ठरवलंय. आज जास्तच झाल्या.

मंगळवार, ७ जानेवारी

कंपनीची बस मोशीवरून चाकणला जाते आणि तळेगाव चौकात जी अडकते ती अडकतेच. बायका तेवढ्यात मेथी निवडून घेतात.

आमची कंपनी गाड्यांच्या स्टिअरिंगचे भाग बनवते. कुठे एखादा भाग तुटला की तो आमच्या लॅबमध्ये येतो. तो का तुटला हे सांगायचं आमचं काम. त्यासाठी हा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. माणसापेक्षा उंच, करडा, खाली लोखंडी पेटी. तुटलेला तुकडा पेटीत ठेवायचा, पेटीतली हवा पूर्ण काढून टाकायची आणि मग पडद्यावर एकेक रेघ उमटत चित्र तयार होतं. वरून खाली, हळूहळू, रांगोळीचे ठिपके जोडावेत तसं.

हे सगळं चालवणारा कंप्युटर मात्र आजोबा आहे. मूळचा पांढरा, आता दातांसारखा पिवळा. आत एक लांबलचक कार्ड आहे, त्यावरच मायक्रोस्कोप चालतो आणि ते आजच्या कुठल्याच कंप्युटरला बसत नाही. हार्ड डिस्क खडे चावल्यासारखी वाजते. पण चित्रं अशी सुरेख की मी बघतच राहिले. याहून दसपट नव्या मशीनवर मी काम केलंय, इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. मॅनेजर हिंदुराव साहेब साताऱ्याकडचे, मोठ्यानं बोलणारे. म्हणाले, ही सगळी विजयश्रीच्या हाताची किमया. भिंतीवर तिचे बक्षीस घेतानाचे फोटोही आहेत.

नव्या माणसानं पहिल्या दिवशी आपला केस बघायचा, असा इथला रिवाज आहे म्हणे. ताईनं माझा एक केस उपटला, रुपयाएवढ्या चकतीवर चिकटवला. केस, कापड असल्या गोष्टी मशीनला तशाच दिसत नाहीत, त्यांच्यावर आधी सोन्याचा पातळ थर द्यावा लागतो. त्यासाठी एक काचेचं भांडं आहे. आत जांभळा उजेड पडतो आणि बघता बघता वस्तू सोन्याची होते. मग माझा केस पडद्यावर आला. ताडाच्या खोडासारखा, खवल्याखवल्यांचा. मी लहान पोरीसारखी हसले.

ताईनं तो फोटो रेफरन्स म्हणून लावला. कंप्युटर रात्रंदिवस चालूच असतो, पण रोज सकाळी मायक्रोस्कोप सुरू होताना हा फोटो बघून आपली नजर नीट करतो, असं तिनं समजावलं. आजपासून तुझा, म्हणाली आणि मला घट्ट मिठी मारली. तिचे डोळे भरून आले होते. माझ्यासाठी कोणी इतकं आनंदी व्हावं, असं फार दिवसांत झालं नव्हतं.

शुक्रवार, १० जानेवारी

कामाला हात घातला. नवा कंप्युटर खोक्यातच होता, तो लावला. मायक्रोस्कोपच्या कंपनीकडून नवं कार्ड आलंय. आधी जुन्या डिस्कवरचं सगळं नव्यावर उतरवायचं, मग कार्ड, मग तपासणी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांचा माणूस येऊन जुना कायमचा बंद करणार. मला तर काम सोपं वाटतंय.

काल गुरुवारची सुट्टी. ताई मला बाजारात घेऊन गेली. एका दुकानात तिनं चादरी बघायला काढल्या आणि बघत नव्हतीच ती, नुसता हात फिरवत होती. एक चादर तर गालाला लावून उभी राहिली. दुकानदार वैतागला. घेतली मात्र एकही नाही. बाहेर आल्यावर मी चिडवलं तर म्हणाली, खादी किती खरखरीत असते, विसरलेच होते.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. कंपनीतून लवकर आलो आणि गुळाच्या पोळ्या केल्या. ताई भाजत होती, मी लाटत होते. एकदम ती ओरडली. पोळी फुटून उकळता गूळ तिच्या बोटाला लागला होता. मी धावत पाणी आणलं तर तिनं हात पाण्यात घातलाच नाही. बोट डोळ्यांसमोर धरून बसून राहिली. रडत होती आणि हसतही होती. भाजलं गं, योगिनी, भाजलं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी तिला बाजूला बसवून पुढच्या पोळ्या भाजल्या. जेवताना ताई माझ्या हाताकडे बघत होती म्हणून मीही बघितलं. उजव्या तर्जनीवर टरारून फोड आला होता. मला कधी भाजलं ते समजलंच नाही. अजूनही दुखत नाही. दाबून बघितलं.

शनिवार, १८ जानेवारी

उजव्या हाताची तीन बोटं आता बधिर आहेत. टपरीवरचा चहाचा ग्लास किती गरम ते ओठाला लावल्यावरच कळतं.

लॅब झाडायला तानुबाई येते. इथल्याच गावची, सगळ्यांना एकेरीत बोलणारी. आज म्हणाली, "मानंला काय लावलंयस गं? सोनं लागलंय." आरशात बघितलं. कानाखाली नखाएवढा डाग, खरोखर सोनेरी. सोन्याचा थर देणारं भांडं मी रोज हाताळते, उडालं असेल. साबणानं घासला, स्पिरिटनं घासला. निघाला नाही. आणि घासताना तिथे काही जाणवलंही नाही.

चिखलीतल्या डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली. विटॅमिन कमी असेल म्हणाले. इंजेक्शन दिलं. सुई आत गेली तरी मी त्यांच्याशी बोलतच होते, तेव्हा त्यांनी मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं.

ताईला सांगितलं. तिनं माझा हात हातात घेतला, बराच वेळ चोळला. काळजी करू नको म्हणाली. तिचे हात गरम होते की गार, मला सांगता येणार नाही.

बुधवार, २२ जानेवारी

हे नीट, क्रमानं लिहिते. नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

आज ताई रजेवर. लॅबमध्ये मी एकटी. भर दुपार, बाहेर फोर्कलिफ्टचा आवाज चालू. नव्या कंप्युटरशी तुलना करायला रिकाम्या पेटीचं चित्र हवं होतं. मी पेटीतला नमुना काढला, आत काही नाही हे टॉर्च लावून बघितलं, झाकण लावलं, हवा काढली आणि स्कॅन सुरू केलं. नुसता करडा धुरळा यायला पाहिजे होता.

रेघा उतरत गेल्या. कातडी दिसायला लागली. माणसाची. सुरकुत्या, घामाची छिद्रं, आणि मधोमध एक फुटलेला फोड, त्याच्या कडा वाळक्या पानासारख्या वळलेल्या. मी माझी तर्जनी पडद्याशेजारी धरली. तोच फोड. तीच कड.

पेटी रिकामी होती. माझा हात बाहेर होता.

बाणाचं बटण दाबून पुढे सरकले. मनगट आलं. मग माझ्या बाहीचा दोरा, वाळवीनं खाल्लेल्या दोरखंडासारखा. मी टेबलाखाली डाव्या हाताच्या नखानं उजव्या मनगटावर ओरखडा काढला. पुढच्या फेरीत तो ओरखडा पडद्यावर होता.

आणि इतकं स्वच्छ. आजवर बघितलेल्या कुठल्याही चित्रापेक्षा स्वच्छ.

शुक्रवार, २४ जानेवारी

ताईला विचारलं. ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मला वाटलं होतं ती हसेल, वेड लागलं का म्हणेल. तिनं फक्त विचारलं, "पेटी रिकामी ठेवून बघितलंस का?"

मग सांगत गेली, दाणे सोलत. ती कंपनीत नवी लागली तेव्हा या मशीनचं चित्र धूसर यायचं. तिनं गंमत म्हणून स्वतःचा केस बघितला, तोच रेफरन्सला लावला. दुसऱ्या दिवसापासून चित्रं लख्ख. सगळीकडे नाव झालं. मग बोटं गेली, मग तळवे, मग पाय. कोकणात महिनाभर जाऊन राहिली, काही परत आलं नाही. फोटो काढून टाकायला गेली तर छातीतला श्वास जागीच थांबला. मांजराचा केस लावून बघितला, मेलेल्या माणसाचाही लावून बघितला. दुसरा जिवंत माणूसच लागतो त्याला. दिवाळीत कंप्युटर आपोआप बंद पडला, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत ती या फरशीवर पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी पडून होती. त्याच आठवड्यात साहेबांनी तो बदलायचं ठरवलं.

म्हणजे तो कायमचा बंद होईल तेव्हा जो त्यात असेल तो संपेल, आणि त्याआधी तिला बाहेर पडायचं होतं. म्हणून मी.

मी विचारलं, मीच का?

"दुसऱ्या कोणाला आणलं असतं तर झोप लागली नसती मला," ती म्हणाली. "तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, योगिनी. तू तशीच आहेस."

"मग विचारायचं होतंस."

तिनं शेंग खाली ठेवली. एक दाणा दोन बोटांत धरून फिरवत राहिली.

विचारलं असतं तर खरंच मी हो म्हटलं असतं का? थोडे दिवस, आळीपाळीनं, काही मार्ग सापडेपर्यंत? कदाचित म्हटलं असतं. तेच जास्त लागतंय.

शेवटी मी तेच मागितलं. ताई, थोडे दिवस तू परत घे, मी तेवढ्यात काही करते. ती हो म्हणाली. सव्वीस जानेवारी झाली की सोमवारी लावू माझा केस, म्हणाली. शपथ घेतली. मी तिच्या शेजारी झोपले.

सोमवार, २७ जानेवारी

काल संध्याकाळी पार्लरला जाते म्हणून गेली ती केस पार मुलासारखे कापून आली. वरून रुमाल. आल्या आल्या कळलं नाही मला. रात्री कळलं. तिचा कंगवा नाही. उशीचे अभ्रे धुतलेले. बाथरूमच्या जाळीवर एक केस नाही, झाडूत नाही. डिस्कवरचा तिच्या केसाचा जुना फोटोही तिनं आधीच पुसलाय.

मी तिच्या खोलीत चोरासारखी शोधत होते. गादी उचलली, स्वेटर झटकले. एक केस मिळाला असता तर सकाळी मीच लावला असता, न विचारता. हे लिहून ठेवते, कारण ती दारात उभी राहून बघत होती आणि तिला ते दिसलं.

आज हिंदुराव साहेबांना सांगितलं की कंप्युटर बदलू नका. कारण विचारलं. मी सांगितलं, सगळं. त्यांनी ताईला बोलावलं. मला वाटलं, आता तरी.

ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "सर, तिची तब्येत ठीक नाही. इंजेक्शन चालू आहेत. हॉस्टेललाही असं व्हायचं तिला. रागावू नका."

हॉस्टेलला मला कावीळ झाली होती. एवढंच झालं होतं.

साहेब चांगले आहेत. गावी जाऊन आराम करा म्हणाले. कंप्युटर मात्र बदलणार.

बुधवार, २९ जानेवारी

ताई फ्लॅट सोडून गेली. देहूरोडला बहिणीकडे. फ्लॅटचं भाडं या महिन्याचं भरलंय, असा निरोप शेजारणीकडे ठेवून.

माझा फोटो नव्या कंप्युटरवर उतरवून बघितला. मी तिकडे गेले तर वाचेन, असं वाटलं. बाकी सगळं उतरतं. तो उतरत नाही. नुसती काळी चौकट येते. पुन्हा पुन्हा केलं.

दोन्ही पाय घोट्यापर्यंत गेलेत. जिना उतरताना पायरी आली की नाही ते बघून ठरवावं लागतं. पेनसुद्धा हातात आहे की नाही हे बघूनच कळतं.

आईचा फोन. आवाज का बसलाय विचारलं. थंडी आहे म्हटलं. येऊन घेऊन जाईल ती. पण मी इथून गेले आणि मागे कोणी बटण दाबलं तर—

शनिवार, १ फेब्रुवारी

दुपारी कॅन्टीनमध्ये लाइट गेली. जनरेटर लागायला वेळ लागला, आणि लॅबच्या यूपीएसची बॅटरी संपलेली होती. मला ते माहीत नव्हतं. घास तोंडात होता. छाती हलायची थांबली. आवाज निघेना. टेबलावरून खाली पडले ते आठवतंय. तानुबाई पाठीत गुद्दे घालत होती, घास अडकलाय समजून. "श्वास घे गं, घे की," म्हणत होती.

लाइट आली. कंप्युटर सुरू झाला असणार. श्वास आला.

पलीकडच्या टेबलावर ताई होती; कामाला ती देहूरोडहून येतेच. सगळे उठून माझ्याभोवती जमले. ती उठली नाही. माहीत होतं तिला काय होतंय. वाटीतला वरणभात चमच्यानं नाही, हातानं कालवून, हळूहळू जेवत राहिली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

नेहा नावाची मुलगी ट्रेनी म्हणून आली. देहूरोडची. नवी बॅग, नवी चप्पल, कॉलेजातून थेट. ताईनं शनिवारीच मेसेज केला होता: "सोमवारी नवीन मुलगी येतेय. तू ठरव." बाकी काही नाही.

चकती मी सकाळीच काढून ठेवली होती. काचेचं भांडं उघडं ठेवलं होतं. लिहायला लाज वाटते, पण ठेवलं होतं.

तिनंच विषय काढला. कोणीतरी बसमध्ये सांगितलं होतं तिला. "मॅडम, माझा केस बघूया ना?" आणि उपटून पुढे धरला. लांब, काळा, टोकाला किंचित लाल.

मी तो घेतला. बोटांत आहे की नाही कळत नव्हतं, म्हणून बघत राहिले. एवढं करायचं आणि मी उद्या गरम चहाचा ग्लास हातात धरणार. अंगावर पाणी घेतलं तर ते कळणार. आई येईल तेव्हा तिचा हात कळणार.

ती माझ्याकडे हसून बघत होती. मी पहिल्या दिवशी ताईकडे बघत होते तशी.

केस सिंकमध्ये टाकून पाणी सोडलं. या लॅबमध्ये पुन्हा पाय ठेवू नकोस म्हणून तिला बाहेर काढलं. जोरात बोलले असेन. ती रडत साहेबांकडे गेली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

साहेब खूप रागावले. पोरीला काय केलंत म्हणाले. तुमचं काम काढून घेतलंय, मायक्रोस्कोप कंपनीचा माणूस उद्याच येतोय.

पाया पडले. उठवलं त्यांनी मला.

रात्री पायाखाली काहीच नव्हतं. रांगत बाथरूमला गेले. गळ्यावर, छातीवर, पोटावर सोनं. आरशात छान दिसतं.

आईला फोन लावला. ती पहाटेच्या गाडीनं निघतेय लातूरहून. दुपारी पोचेल.

बुधवार, ५ फेब्रुवारी

तानुबाईनं धरून लॅबपर्यंत आणलं. जीभ सकाळपासून नाही. तोंडात आहे, पण नाही. शब्द होत नाहीत. ती गेली साहेबांना बोलवायला. साहेब प्लांटमध्ये.

मायक्रोस्कोप कंपनीचा माणूस आलाय. ज्योतीराम. गप्पिष्ट. माझ्याकडे पाठ करून बसलाय, जुन्याचं झाकण उघडलंय. काय काम केलंय हो या म्हाताऱ्यानं, म्हणतो. मी घशातून आवाज काढला. तो म्हणाला, होय ना, आता असली मशीनं येत नाहीत.

उभं राहता येत नाही. वही मांडीवर. लिहून दाखवीन. त्यानं वळलं पाहिजे फक्त.

ज्योतीरामभाऊ बंद करू नका. मी त्यात आहे. बंद करू नका.

वळत नाही. डोक्याला बॅटरी लावून आत बघतोय. बंद करण्याआधी तुम्हाला विचारतो मॅडम, म्हणाला. विचारेल. तेव्हा वळेल.

दार वाजलं.

ताई आलीय. एकटीच.

वही तिच्याकडे धरली. तिनं माझा हात धरला. वही घेऊन वाचली. वरची ओळ. मागची पानंही. डोळे भरले तिचे. मनात म्हणत होते, ताई, तू सांग त्याला. बाकी काही नको. तू फक्त

वही परत ठेवली मांडीवर. हातात पेन नीट दिलं. गालावरून हात फिरवतेय, दिसतंय मला. सावकाश. आधी बोटं, मग तळवा.

त्यानं विचारलं, करू ना बंद मॅडम?

मी मान हलवतेय नाही नाही ती मध्ये उभी आहे त्याला दिसत नाही ती म्हणाली "हो म्हणतेय ती, करा बं—"